राळेचे गुपित

१८२७ सालचा हिवाळा. लंडनजवळच्या क्यू गावात बासष्ट वर्षांचा एक फ्रेंच गृहस्थ मुक्कामाला होता. थोरल्या भावाच्या आजारपणासाठी तो आला होता खरा, पण सामानात त्याने धातूचे काही पत्रे फार जपून आणले होते. त्यातल्या एकावर त्याच्या गावाकडच्या घराच्या माडीवरून दिसणारा देखावा होता. कबुतरखाना, कोठाराचे उतरते छप्पर, एक झाड. हा देखावा कुणा चित्रकाराने काढलेला नव्हता; तो उजेडाने आपणहून उमटवला होता. क्यूच्या राजोद्यानात वनस्पतींची चित्रे काढणारे फ्रान्सिस बाउअर हे रॉयल सोसायटीचे सभासद. पत्र्यांचे मोल त्यांनी तत्काळ ओळखले आणि त्यांच्याच आग्रहावरून पाहुण्याने ८ डिसेंबरला आपल्या शोधाचे टिपण लिहून काढले. सोसायटीने मात्र ते स्वीकारले नाही. टिपणात सारे काही होते, फक्त कृती नव्हती. गुपित फोडायची त्याची तयारी नव्हती आणि गुपित राखलेला शोध सोसायटीला चालत नव्हता. पत्रे बाउअर यांच्या स्वाधीन करून तो गृहस्थ मायदेशी परतला.

त्याचे नाव निसेफोर न्येप्स. फोटोग्राफीचा आद्य जनक म्हणून आज त्याचे नाव शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. पण त्याचे गुपित नेमके काय होते आणि ते त्याने एवढे का जपले, ही कथा त्या मानाने कमी सांगितली जाते.

न्येप्सचा जन्म ७ मार्च १७६५चा, फ्रान्समधल्या बर्गंडी प्रांतात सोन नदीकाठच्या शालों गावातला. घर सुखवस्तू, वडील कायद्याच्या पेशातले. राज्यक्रांतीच्या धामधुमीत त्याने काही वर्षे सैन्यात काढली, प्रकृतीने दगा दिल्यावर नोकरी सोडली आणि वडिलोपार्जित जमीनजुमल्याकडे तो परतला. थोरला भाऊ क्लोद आणि तो, दोघांनाही यंत्रांचे वेड. दोघांनी मिळून एक इंजिन बनवले. नळीत बारीक भुकटी उडवायची, ती पेटवायची आणि त्या स्फोटाच्या दणक्याने पाणी मागे फेकून होडी पुढे ढकलायची. आपल्या मोटारींच्या इंजिनाचे हे पणजोबाच म्हणायला हवेत. सोन नदीत होडी चालली. २० जुलै १८०७ रोजी दहा वर्षांचे पेटंट मिळाले आणि त्यावर सही होती खुद्द नेपोलियनची.

दहा वर्षे बघता बघता सरली. इंजिनाला गिऱ्हाईक मिळाले नाही. मुदत संपत आली तसा क्लोद आधी पॅरिसला आणि पुढे इंग्लंडला गेला. तिथेही त्याने राजाकडून पेटंट मिळवले. मग सुधारणा, पुन्हा सुधारणा. पैसे मात्र गावाकडून जात राहिले. हळूहळू क्लोदच्या मनाचा तोल गेला. १८२७ साली न्येप्स क्यूला पोचला तेव्हा भाऊ भ्रमिष्टावस्थेत होता. १८२८च्या फेब्रुवारीत तो वारला. घराण्याची बहुतेक पुंजी त्या इंजिनात जळून गेली होती. पेटंटच्या कागदावर विसंबून माणसाचे काय होते, याचे उदाहरण न्येप्सच्या डोळ्यांसमोर होते. दुसऱ्या शोधाच्या वेळी त्याने तोंड मिटून घेतले, त्याला कद्रूपणा म्हणणे मला तरी अन्यायाचे वाटते.

हा दुसरा शोध राळेचा. शिळाछापाचे वेड तेव्हा फ्रान्सभर पसरले होते. न्येप्सला वाटे, चित्र हाताने कशाला काढायचे, उजेडालाच काढू द्यावे. १८१६ साली त्याने चांदीच्या क्षाराचा कागद वापरून पाहिला. चित्र उमटे, पण उलटे, म्हणजे उजेडाच्या जागी काळे. शिवाय ते टिकेना. मग त्याने ग्वायकम नावाच्या झाडाची राळ वापरून पाहिली. अखेरीस तो येऊन थांबला तो ज्यूडियाच्या डांबरावर. मृत समुद्राच्या परिसरात सापडणारे हे नैसर्गिक डांबर त्याने लव्हेंडरच्या तेलात विरघळवले आणि त्या रोगणाचा पातळ हात पत्र्यावर दिला. सुकलेल्या पत्र्यावर उजेड पडला की तेवढ्या जागचे डांबर कठीण होते आणि तेलात विरघळेनासे होते. सावलीतले मात्र तेलाने धुऊन निघते. उघड्या पडलेल्या धातूवर आम्ल टाकले की ते तिथेच खाते आणि छापायची प्लेट तयार होते. तेल लावून पारदर्शक केलेली छापील चित्रे पत्र्यावर ठेवून त्याने अशा प्लेटा केल्या आणि पॅरिसच्या लमेत्र या कोरक्याने त्यांवरून ठसे काढले. खिडकीतला देखावा मात्र कॅमेऱ्यातला. त्याला आठ तास लागले असे पूर्वी सांगत. हीच कृती पुन्हा करून पाहणाऱ्या अलीकडच्या अभ्यासकांच्या मते काही दिवस लागले असावेत.

आता प्रश्न असा की, या रोगणाचे पेटंट न्येप्सला मिळाले असते का? वरवर पाहता त्यात त्याचे स्वतःचे काय होते? डांबर निसर्गाचे. लव्हेंडरचे तेल अत्तरवाल्यांचे. तांब्याच्या पत्र्यावर कोरकाम करणारे कारागीर आम्लापासून बचाव म्हणून डांबराचे अस्तर पिढ्यान्‌पिढ्या लावत आले होते. उजेडात राळा बदलतात, विरघळेनाशा होतात, हेही जिनिव्हाच्या झां सेनेबिए याने १७८२ सालीच नोंदवून ठेवले होते. एखादा कडक परीक्षक या साऱ्याकडे बोट दाखवून अर्ज परत करू शकला असता. पण डांबर, तेल, उजेड आणि आम्ल यांना एका क्रमात गुंफून त्यातून चित्र काढायचे, हे न्येप्सच्या आधी कुणाला सुचले नव्हते. घटक जुने, मेळ नवा. स्वयंपाकघरात हे आपण रोज पाहतो. हिंग, मोहरी आणि तेल कुणाच्या मालकीचे नसते, पण फोडणी ज्याची त्याची असते.

हा वाद आजही जुना झालेला नाही. घड्याळापासून संगणकापर्यंत साऱ्यांत जी सिलिकॉनची चिप असते, तिच्यावरची नक्षी याच तत्त्वावर कोरली जाते. चकतीवर प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या राळेचा थर, नक्षीच्या आरपार पडणारा प्रकाश, मग धुणे आणि कोरणे. आयबीएमच्या इतो, विल्सन आणि फ्रेशे यांना १९८५ साली अमेरिकेत अशाच एका मिश्रणाचे पेटंट मिळाले. उजेड पडताच आम्ल सोडणारा एक घटक आणि त्या आम्लाने विरघळण्याचा स्वभाव बदलणारी राळ, अशी ती जोडी. आम्लाचा एक कण राळेतल्या अनेक दुव्यांवर काम करतो, म्हणून थोडा प्रकाशही पुरतो. एकेकट्या घटकात हा गुण नाही. आपल्या १९७०च्या पेटंट कायद्यातही हीच कसोटी आहे. नुसते एकत्र कालवून घटकांच्या गुणांची बेरीजच हाती येत असेल, तर तो शोध नव्हे. बेरजेपलीकडचे काही दाखवावे लागते. शिवाय अट अशी की कृती पूर्ण लिहून द्यायची, जाणत्या माणसाला ती वाचून करता आली पाहिजे. त्या बदल्यात आज वीस वर्षांची मक्तेदारी.

ही शेवटची अटच न्येप्सला जड गेली. परतल्यावर त्याने भागीदार निवडला तो पॅरिसचा लुई दागेर. हा रंगभूमीचा पडदे रंगवणारा, चलाख आणि लोकांत मिसळणारा. १४ डिसेंबर १८२९ रोजी दोघांचा दहा वर्षांचा करार झाला आणि न्येप्सने आपली कृती दागेरला लिहून दिली. जी गोष्ट रॉयल सोसायटीला सांगितली नाही, ती एका माणसाला सांगितली. पत्रव्यवहारात पदार्थांची नावे टाळून दोघे आकडे लिहीत, इतकी सावधगिरी. १८३२ साली दोघांनी लव्हेंडरचे तेल आटवून उरणाऱ्या राळेवरच चित्र काढण्याची आणखी एक रीत बसवली. पण ५ जुलै १८३३ रोजी न्येप्स अचानक गेला. मागे राहिले कर्ज आणि मुलगा इझिदोर.

दागेर पुढे आयोडीन आणि चांदीकडे वळला. न्येप्स आयोडीन वापरे ते पत्र्याचा उघडा भाग काळा करण्यापुरते; दागेरने त्यातूनच निराळी, कितीतरी वेगवान कृती काढली. राळ मागे पडली. करार बदलले गेले आणि १८३७ साली गरजू इझिदोरने नव्या कृतीला एकट्या दागेरचे नाव मान्य केले. १८३९ साली शास्त्रज्ञ आरागो याच्या पुढाकाराने फ्रेंच सरकारने ही कृती विकत घेतली. पेटंट का नाही? तर एकदा कळली की ती कुणालाही घरात बसून करता येईल, पेटंट राखणार कोण, असा सरकारपक्षाचा युक्तिवाद होता. दागेरला वर्षाला ६,००० फ्रँक आणि इझिदोरला ४,००० फ्रँक तनखा ठरला. १९ ऑगस्टला पॅरिसमध्ये कृती जाहीर झाली, जगाला दान म्हणून. गंमत अशी की, त्याच्या पाचच दिवस आधी, १४ ऑगस्टला, दागेरच्या वतीने इंग्लंडमध्ये तिचे पेटंट घेतले गेले होते!

त्या वर्षी लंडनमध्ये वृद्ध बाउअर यांनी न्येप्सचे पत्रे बाहेर काढून लोकांना दाखवले आणि पहिला मान कुणाचा ते ठासून सांगितले. १८४१ साली इझिदोरनेही पुस्तिका छापून वडिलांची बाजू मांडली. तोवर दागेरचे नाव घरोघरी पोचले होते. राळ मात्र छापखान्यात टिकली. न्येप्सचाच आप्त आबेल न्येप्स द सँ-व्हिक्तोर याने डांबराची कृती पोलादी पत्र्यांसाठी सुधारली. धातूचा थोडा भाग झाकून बाकीचा आम्लाने खायचा, ही युक्ती पुढे वर्तमानपत्रांच्या जस्ताच्या ब्लॉकपर्यंत आली. फक्त डांबराच्या जागी दुसरी प्रकाशग्राही द्रव्ये आली.

खिडकीतला देखावा बाउअर यांच्यानंतर अनेक हातांतून फिरत दिसेनासा झाला. १९५२ साली हेल्मुट गेर्नशाइम या इतिहासकाराला तो इंग्लंडमध्ये एका जुन्या ट्रंकेत सापडला. पहिल्या नजरेला तो नुसता चकचकीत पत्रा होता. खिडकीजवळ नेऊन तिरका धरल्यावर छप्पर आणि कबुतरखाना दिसू लागले. पाठीमागे बाउअर यांच्या हातचा मजकूर होता. १९६३पासून तो अमेरिकेत ऑस्टिन इथल्या टेक्सास विद्यापीठाकडे आहे.