नकार पैशाला होता, पवळाबाईंना नव्हे

होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत पाथर्डी तालुक्यातील मढीला कानिफनाथांची यात्रा भरते. मग गावोगावच्या जत्रा लागतात आणि अहिल्यानगर म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्याच्या रस्त्यांवर तमाशाच्या फडांच्या गाड्या धावू लागतात. दरवर्षी या दिवसांत आपल्या वस्त्यांमध्ये एकच वाद झडतो. तमाशा ही आपल्या पूर्वजांची कला म्हणून मिरवायची, की गुलामीची खूण म्हणून गाडून टाकायची? याच जिल्ह्यातील एका बाईचे आयुष्य समजून घेतल्याशिवाय या वादाचा निकाल लागणार नाही.

पवळाबाई हिवरगावकर संगमनेर तालुक्यातील हिवरगावच्या, महार कुटुंबात जन्मलेल्या. पूर्वी तमाशात बाईचे काम नाच्या पोऱ्या करी. फडावर उभी राहिलेली पहिली स्त्री म्हणून पवळाबाईंचे नाव घेतले जाते. ज्या समाजाच्या सावलीचाही विटाळ होत होता, त्याच समाजातील स्त्रीचे नाच-गाणे पाहायला सारा गाव लोटत असे. दिवसा शिवायचे नाही आणि रात्री दौलतजादा करायचा, ही या व्यवस्थेची नीती होती.

पुढे पठ्ठे बापूरावांशी त्यांची जोडी जमली. बापूराव म्हणजे 1866 साली वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्ष येथे जन्मलेले श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. ब्राह्मणाने तमाशात जावे आणि महार स्त्रीबरोबर राहावे, यावरून त्या काळी मोठे वादळ उठले. सनातन्यांनी धर्म बुडाल्याची ओरड केली. पण त्या वादाचा शेवट कसा झाला पाहा. बापूरावांनी जात सोडली हा त्याग ठरला, ते शाहीर ठरले, त्यांच्या नावाने चित्रपट निघाला. पवळाबाई मात्र ब्राह्मणाला भुरळ घालणारी रूपवती एवढ्यापुरत्याच उरल्या. ते बापूराव आणि त्या नुसत्या पवळा! पुढे दोघांचे बिनसले, त्या वेगळ्या झाल्या आणि बापूरावांच्या फडाची रया गेली. म्हणजे फड कोणाच्या जिवावर उभा होता, हे निराळे सांगायला नको.

महाडचा संगर 1927 साली पेटला. त्या लढ्यासाठी बापूरावांनी तमाशाच्या खेळांचे उत्पन्न बाबासाहेबांना देऊ केले. चळवळीला पैशाची निकड होती, पै-पै गोळा केली जात होती. तरीही समाजाच्या आयाबहिणींना नाचवून मिळालेला पैसा बाबासाहेबांनी नाकारला.

काही विद्वान यावरून बाबासाहेबांना कलेचे वावडे होते, असे सांगतात. हे साफ खोटे आहे. नाशिक जिल्ह्यातील भीमराव कर्डकांनी तमाशाचाच साचा घेऊन आंबेडकरी जलसा उभा केला, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला शाबासकीच दिली. ढोलकी तीच होती, फक्त तिच्यावरची थाप बदलली होती. आणि 16 जून 1936 रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये मुरळ्या, जोगतिणी, देवदासी यांच्यासमोर ते स्वतः उभे राहिले आणि हे जिणे सोडून मानाने जगा, असे त्यांना कळकळीने सांगितले. ज्यांना ते तुच्छ मानत असते, त्यांच्यासमोर ते कशाला गेले असते?

तेव्हा तो नकार पवळाबाईंना नव्हता. बाईच्या देहावर चालणाऱ्या बाजाराला तो होता. हा फरक आपणच विसरलो आहोत. पवळाबाईंचे नाव घ्यायला आपल्याला संकोच वाटतो. देऊ केलेल्या त्या पैशात त्यांचेही कष्ट होते, पण त्यांचे मत कोणी नोंदवून ठेवले नाही.

यंदा आपल्या गावच्या जत्रेत फड उतरेल. पालात राहणाऱ्या त्या बायका बहुतेक आपल्याच आयाबहिणी असतील. त्यांच्यावर शिट्ट्या मारणाऱ्या पोरांत आपली पोरे असतील तर जयंतीची मिरवणूक काढण्याचा अधिकार आपल्याला उरतो काय? त्यांच्या मुलांच्या शाळेची चौकशी करा, त्यांची मजुरी त्यांना मिळते की नाही ते पाहा. बाबासाहेबांच्या त्या नकाराचा खरा अर्थ हाच आहे.