पांढऱ्या रंगाखालचं चित्र

स्प्रे गन म्हटली की आपल्याला वर्कशॉप आठवतं. पण एका माणसाने तीच घेऊन भिंतीवर असं चित्र काढलं, की शहरातली बडी मंडळी हादरली!

डेव्हिड अल्फारो सिकेरोस यांचा जन्म १८९६ साली मेक्सिकोत झाला. तरुणपणीच ते क्रांतीत सैनिक म्हणून लढले. १९३२ साली ते लॉस एंजेलिसला आले. तिथे ओल्वेरा स्ट्रीटवरच्या एका भिंतीवर त्यांनी सिमेंट, प्रोजेक्टर आणि स्प्रे गन वापरून सुमारे ८० फूट लांबीचं 'अमेरिका त्रोपिकाल' रंगवलं. लोकांना हवं होतं छान हिरवंगार जंगल. यांनी दाखवला क्रुसाला बांधलेला आदिवासी आणि त्याच्या डोक्यावर अमेरिकेचा गरुड! मंदीमुळे मेक्सिकन मजुरांना परत पाठवण्याचे ते दिवस. रस्त्यावरून दिसणारा भाग वर्षाच्या आतच पांढरा फासला गेला, पुढे अख्खी भिंत. सिकेरोसनाही देश सोडावा लागला.

ते काही संत नव्हते. १९४० साली ट्रॉट्स्कीच्या घरावर झालेल्या सशस्त्र हल्ल्याचे पुढारी तेच होते. १९७४ साली ते वारले.

पण त्याआधीच, १९६० च्या दशकाच्या अखेरीस, तो पांढरा रंग उडू लागला होता. अमेरिकेतले मेक्सिकन वंशाचे तरुण, म्हणजे चिकानो, तेव्हा हक्कांसाठी रस्त्यावर उतरले होते. ते चित्र त्यांना आपलं वाटलं. गॅलरीत जागा नाही? मग वस्तीतल्या भिंती आहेतच! त्यांनी तिथे स्वतःचा इतिहास रंगवला.

२०१२ साली, बरोब्बर ८० वर्षांनी, मूळ चित्र पुन्हा लोकांसाठी खुलं झालं. फासलेला रंग कधीतरी उडतोच. खरं ना?