एलेन स्वॉलो रिचर्ड्स

एलेन हेन्रिएटा स्वॉलो रिचर्ड्स (जन्म : ३ डिसेंबर १८४२, डन्स्टेबल, मॅसॅच्युसेट्स, मृत्यू : ३० मार्च १९११, बॉस्टन) या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ व शिक्षणतज्ज्ञ होत्या. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एम.आय.टी.) या संस्थेत प्रवेश मिळालेल्या आणि तिची पदवी संपादन केलेल्या त्या पहिल्या स्त्री होत. गृहविज्ञानाच्या प्रवर्तक म्हणून त्यांचे नाव अधिक घेतले जाते. तथापि स्त्रियांना प्रयोगशाळेत स्वतःच्या हाताने काम करता यावे यासाठी त्यांनी उभी केलेली व्यवस्था हेच त्यांचे सर्वांत मोलाचे कार्य मानावे लागते.

पूर्वायुष्य व शिक्षण

एलेन या आईवडिलांच्या एकुलत्या एक कन्या. दोघेही काही काळ शिक्षक होते. त्यांनीच मुलीला प्रथम घरी शिकवले. १८५९ मध्ये कुटुंब वेस्टफर्ड येथे आले. तेथील अकॅडेमीत एलेन यांचे शिक्षण झाले आणि वडिलांच्या दुकानातील कामही त्यांनी सांभाळले. पुढील शिक्षणासाठी पैसे साठवण्यात त्यांची कित्येक वर्षे गेली. त्यासाठी त्यांनी शिकवण्या केल्या, शाळेत शिकवले, साफसफाईचीही कामे केली. १८६८ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्या व्हॅसार या स्त्रियांच्या महाविद्यालयात दाखल झाल्या. तेथे खगोलशास्त्रज्ञ मारिया मिचेल आणि रसायनशास्त्राचे प्राध्यापक चार्ल्स फरार हे त्यांचे गुरू. फरार यांच्या शिकवणुकीचा रोख रसायनशास्त्र दैनंदिन जीवनाच्या उपयोगी पडावे असा होता. अखेरीस एलेन यांनी रसायनशास्त्राचीच निवड केली.

एम.आय.टी.मधील प्रवेश

१८७० मध्ये पदवी मिळाल्यावर त्यांनी रासायनिक उद्योगात उमेदवारी मिळते का, याची चौकशी केली. स्त्रीला शिकाऊ म्हणून घेण्यास कोणी तयार नव्हते. मात्र एका पेढीने बॉस्टनमधील नव्या तंत्रशिक्षणसंस्थेत प्रयत्न करण्याचे सुचवले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संस्थेने त्यांना विशेष विद्यार्थिनी म्हणून प्रवेश दिला. पण हा केवळ एक प्रयोग असून संस्थेचे सर्वसाधारण धोरण बदललेले नाही, असेही प्राध्यापकवर्गाने नोंदवून ठेवले. शुल्क आकारले गेले नाही. आपल्या आर्थिक स्थितीकडे पाहून ही सवलत मिळाली, असा एलेन यांचा समज झाला. खरे कारण वेगळे होते. कोणी तक्रार केलीच, तर ही संस्थेची विद्यार्थिनी नाही असे अध्यक्षांना सांगता यावे, यासाठी ती तजवीज होती. पुढे हे समजल्यावर, आधी ठाऊक असते तर आपण तेथे गेलोच नसतो, असे मत त्यांनी व्यक्त केले.

आरंभीच्या दिवसांत त्या प्रयोगशाळा झाडत, टेबले पुसत, प्राध्यापकांचे फाटके-तुटके शिवून देत. आज हे वाचताना खटकते. परंतु आपल्या वावरण्याला कोणाचा विरोध होऊ नये, यासाठी जाणीवपूर्वक अवलंबिलेला तो मार्ग होता. १८७३ मध्ये त्यांना एम.आय.टी.ची बी.एस. पदवी मिळाली, त्याच वर्षी लोहखनिजातील व्हॅनेडियमवरील प्रबंधासाठी व्हॅसारने एम.ए. दिली. पुढे दोन वर्षे संशोधन करूनही डॉक्टरेट मात्र मिळाली नाही. १८७५ मध्ये खाणशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट हॅलोवेल रिचर्ड्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. खाणशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा तांडा बरोबर घेऊन हे दांपत्य नोव्हा स्कोशियाच्या खाणी पाहण्यास गेले. तोच त्यांचा मधुचंद्र.

स्त्रियांची प्रयोगशाळा

एकीला मिळालेला प्रवेश हा अपवादच राहण्याची शक्यता अधिक होती. दुसऱ्या मुलीने अर्ज केला असता, तरी तिची पूर्वतयारी अपुरी ठरली असती. कारण मुलींच्या शाळांतून विज्ञान शिकवले जाई ते मुख्यतः पुस्तकातून, आणि शिकवणाऱ्या शिक्षिकांपैकी पुष्कळांनी परीक्षानळी हातीही धरलेली नसे. रिचर्ड्स यांनी नेमके हे मूळ ओळखले. बॉस्टनच्या वुमेन्स एज्युकेशन असोसिएशनने उपकरणांसाठी निधी दिला, एम.आय.टी.ने जागा दिली आणि नोव्हेंबर १८७६ मध्ये स्त्रियांची प्रयोगशाळा सुरू झाली. प्रमुख होते प्राध्यापक जॉन ऑर्डवे; रिचर्ड्स त्यांच्या साहाय्यक. त्यांना वेतन नव्हते. उलट दरवर्षी सुमारे १,००० डॉलर त्या स्वतःच प्रयोगशाळेसाठी देत.

येथे रासायनिक पृथक्करण, औद्योगिक रसायनशास्त्र, खनिजशास्त्र व जीवशास्त्र शिकवले जाई. येणाऱ्यांत शाळांतील शिक्षिकांचा भरणा मोठा होता. येथे शिकलेली शिक्षिका आपल्या वर्गात प्रयोग करून दाखवू लागे, आणि त्या वर्गातील मुली पुढे अधिक तयारीने उच्च शिक्षणाकडे वळू शकत. ज्यांना घराबाहेर पडणेच शक्य नव्हते, त्यांच्यासाठी ॲना टिकनॉर यांनी स्थापन केलेल्या पत्रद्वारा शिक्षण देणाऱ्या संस्थेचा विज्ञानविभागही रिचर्ड्स यांनी १८७६ पासून सांभाळला.

स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने नियमित प्रवेश मिळू लागल्यावर १८८३ मध्ये ही वेगळी प्रयोगशाळा बंद झाली व तिची इमारत पाडण्यात आली. ती अनावश्यक ठरणे हेच तिचे यश. पण त्यामुळे रिचर्ड्स यांना मात्र काम उरले नाही. १८८४ मध्ये स्वच्छता-रसायनशास्त्राच्या नव्या प्रयोगशाळेत अध्यापिका म्हणून त्यांची नेमणूक झाली. हे पद त्यांच्याकडे अखेरपर्यंत राहिले. प्राध्यापकपद मिळाले नाही.

पाण्याची पाहणी

१८८७ पासून मॅसॅच्युसेट्सच्या आरोग्य मंडळासाठी त्यांनी टॉमस ड्राउन यांच्या मार्गदर्शनाखाली राज्यभरातील पाण्याच्या सुमारे २०,००० नमुन्यांचे पृथक्करण केले. समुद्रापासून दूर जावे तसे नैसर्गिक पाण्यातील क्लोराइडचे प्रमाण घटत जाते. ही सामान्य पातळी नकाशावर रेषांनी दाखवली, की तिच्याहून अधिक क्लोराइड आढळणाऱ्या ठिकाणी सांडपाणी मिसळत असावे, असे अनुमान करता येई. ही पद्धत त्यांनी भावी स्वच्छता-अभियंत्यांच्या अनेक तुकड्यांना शिकवली.

गृहविज्ञान

स्वयंपाक व स्वच्छता यांमागील रसायनशास्त्रावरील त्यांचे पुस्तक १८८२ मध्ये प्रसिद्ध झाले. १८९९ पासून लेक प्लॅसिड येथे भरलेल्या परिषदांतून गृहविज्ञान हा स्वतंत्र विषय आकारास आला आणि त्यातून निघालेल्या अमेरिकन संघटनेच्या त्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. या कार्याचे मूल्यमापन एकमुखी नाही. पुष्कळ स्त्रियांना त्यामुळे महाविद्यालयांत अध्यापनाच्या व संशोधनाच्या जागा मिळाल्या, हे खरे. परंतु रसायनशास्त्र शिकलेल्या स्त्रीला रसायनशास्त्र विभागात न घेता गृहविज्ञानाकडे पाठवण्याची सोयही विद्यापीठांना त्यातूनच झाली. वेगळी प्रयोगशाळा सात वर्षांत मुख्य प्रवाहात मिसळली. वेगळा विषय मात्र पुढे दीर्घकाळ वेगळाच राहिला. रिचर्ड्स यांचा हेतू विज्ञान घरापर्यंत नेण्याचा होता, स्त्रियांना घरापुरते ठेवण्याचा नव्हे, हा भेद त्यांच्या अनुयायांनी नेहमी पाळला असे दिसत नाही.

सन्मान व स्मृती

१९१० मध्ये स्मिथ महाविद्यालयाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. पुढील वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या पदवीच्या शताब्दीनिमित्त १९७३ मध्ये एम.आय.टी.ने स्त्री-प्राध्यापकांसाठी त्यांच्या नावाचे अध्यासन स्थापन केले. स्त्रियांच्या प्रयोगशाळेतील विद्यार्थिनी मार्गारेट चेनी यांच्या स्मरणार्थ १८८४ मध्ये सुरू झालेली वाचनखोली एम.आय.टी.त विद्यार्थिनींसाठी आजही चालू आहे.