बाबूराव पेंटर
बाबूराव कृष्णराव मेस्त्री ऊर्फ बाबूराव पेंटर (३ जून, १८९० - १६ जानेवारी, १९५४) हे कोल्हापूरचे चित्रकार, शिल्पकार व चित्रपट दिग्दर्शक होते. चित्रकला ते स्वतःच शिकले. नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवण्यात त्यांची व त्यांचे भाऊ आनंदराव यांची ख्याती होती. दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) या चित्रपटाने दोघांनाही चलच्चित्राची ओढ लावली. परदेशी कॅमेरा त्यांना परवडणारा नव्हता, म्हणून त्यांनी तो स्वतःच बनवण्याचे ठरवले. १९१६ मध्ये आनंदरावांचे निधन झाले व काम अपुरे राहिले. पुढे शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने बाबूरावांनी ते १९१८ मध्ये पूर्णत्वास नेले. फिल्म ठरावीक गतीने, एकेका चौकटीसाठी थांबवत भिंगामागून सरकवणारी यंत्रणा कारखान्याविना घडवणे, हेच या कामातील खरे अवघड अंग होते.

महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या 'सैरंध्री' (१९२०) या पहिल्या चित्रपटानंतर लोकमान्य टिळकांनी त्यांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. 'सावकारी पाश' (१९२५) हा शेतकऱ्याच्या कर्जबाजारीपणावरील चित्रपट त्यांची सर्वांत महत्त्वाची कृती मानला जातो. दामले, फत्तेलाल व व्ही. शांताराम हे त्यांचे शिष्य १९२९ मध्ये कंपनीतून बाहेर पडले व त्यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली.

भिंगाची काच बुरशी व ओलाव्यापासून जपल्यास अनेक दशके टिकते. त्या काळची नायट्रेट फिल्म मात्र सहज पेट घेई व कुजत असे. बाबूरावांचे बहुतेक मूकपट आज उपलब्ध नाहीत. 'मुरलीवाला' (१९२७) या चित्रपटाचा काही भाग शिल्लक आहे.