मास्तरांची परीक्षा कोणी घेतली?

गॅदरिंगला आम्ही टँगो बसवत होतो. शिकवायला दोन सीनियर. एक म्हणे मुलाचं पहिलं पाऊल डावं, दुसरा म्हणे उजवं! चार रात्री हॉस्टेलच्या टेरेसवर नुसता वाद. शेवटी आयटम रद्द. पण त्या भांडणापायी मला व्हिक्टर सिल्व्हेस्टर हा माणूस सापडला.

जन्म 1900, लंडनजवळ वेंब्लीला. वडील पाद्री. तरुणपणी हा पठ्ठ्या हॅरॉड्स या बड्या दुकानात, दुपारच्या चहाला येणाऱ्या बायकांचा जोडीदार म्हणून नाचायचा. घरी असली नोकरी सांगून बघा राव! 1922 साली फिलिस क्लार्कबरोबर तो बॉलरूम नृत्याचा जगज्जेता झाला.

टँगो अर्जेंटिनातून पॅरिसमार्गे लंडनला येऊन तेव्हा जेमतेम दहा वर्षे झाली होती. चार स्टेप्स आल्या की झाला मास्तर. प्रत्येकाचा टँगो निराळा. आपल्या भाषेत सांगायचे तर प्रत्येक वर्कशॉपचा आटा वेगळा; इथला नट तिथल्या बोल्टला बसायचा नाही. 1924 मध्ये इम्पीरियल सोसायटी ऑफ टीचर्स ऑफ डान्सिंग या संस्थेने बॉलरूमची शाखा काढली. पहिल्या समितीत सिल्व्हेस्टर होता. पाऊल कुठे, आधी टाच की चवडा, वळायचं किती, सगळं कागदावर आलं आणि शिकवणाऱ्यांची परीक्षा त्यावर होऊ लागली. 1927 मध्ये त्याचे पुस्तक निघाले, ते प्रचंड खपले. नाचाला हवी तशी पक्की लय रेकॉर्डवर मिळेना, म्हणून 1935 मध्ये त्याने स्वतःचा वाद्यवृंदच उभा केला. बीबीसीवरून तो घराघरांत नाच शिकवू लागला.

एक गोष्ट मात्र मला खटकते. तो जगज्जेता झाला तेव्हा हा अभ्यासक्रम जन्मलाही नव्हता. मग मास्टर गेज तपासला कोणी? आणि ब्यूनस आयर्समध्ये जोडीदाराला मिठीत घेऊन, गर्दीत जागा मिळेल तसा जो टँगो नाचतात, त्याला या लंडनच्या कागदात जागाच नव्हती. तरी आमचा आयटम आठवला की मी सिल्व्हेस्टरच्याच बाजूला झुकतो.

1978 साली फ्रान्समध्ये पोहताना तो गेला.

आणि हो, त्या वादाचा निकाल. लंडनच्या टँगोत पुरुष डाव्या पायाने चालू लागतो. अर्जेंटिनाच्या आठ पावलांच्या नेहमीच्या धड्यात तो आधी उजवा पाय मागे टाकतो. दोघेही सीनियर बरोबर होते!