ग्रिमचा फॉर्म्युला

सिंड्रेलाची गोष्ट छापणारे ग्रिम बंधू सगळ्यांना माहीत आहेत. त्यातला थोरला याकोब (१७८५-१८६३) तर भाषेचा इंजिनिअरच! १८२२ मध्ये त्याने नियम मांडला: लॅटिनमध्ये 'प', तिथे जर्मन कुळात 'फ'. पेस-फूट, पॅटर-फादर. म्हणजे इंग्लिशमधला 'फूट' घरचा, आणि 'प' तसाच ठेवणारं 'पेडल' लॅटिन घराण्यातून उसनं आणलेलं.

१८३७ मध्ये हॅनोव्हरच्या राजाने राज्यघटना रद्द केली. याकोबने सहा सहकाऱ्यांसह निषेध केला. नोकरी गेली, वर हद्दपारी! तरी १८३८ मध्ये भावासोबत जर्मन शब्दकोश हाती घेतला. तो गेला तेव्हा काम 'फ्रुख्ट' म्हणजे फळ या शब्दापर्यंत आलं होतं. आणि गंमत म्हणजे तो शब्दही लॅटिनकडून उसनाच! कोश पूर्ण झाला १९६१ मध्ये.