लंडनमध्ये चौदा वर्षे झुंजलेला साताऱ्याचा वकील : रंगो बापूजी गुप्ते

राज्यकर्त्यांच्या निर्णयावर प्रभाव टाकण्यासाठी सत्ताकेंद्राच्या ठिकाणी ठाण मांडून बसणे, सभासदांच्या भेटी घेणे, निवेदने छापून वाटणे आणि अनुकूल वक्ते मिळवणे, या कार्यपद्धतीला आज लॉबिंग म्हटले जाते. हा शब्द मराठीत येण्याच्या कितीतरी आधी एका मराठी माणसाने ब्रिटिश साम्राज्याच्या राजधानीत हे काम सलग केले. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते हे १८४० ते १८५३ या काळात लंडनमध्ये राहिले. त्यांना यश मिळाले नाही. परंतु सत्तेपुढे दुसऱ्याची बाजू मांडणाऱ्याची नैतिक कसोटी कोणती, हा प्रश्न त्यांच्या चरित्रातून आजही उभा राहतो.

रोहिडखोऱ्याचे देशपांडे दादाजी नरसप्रभू गुप्ते हे शिवछत्रपतींचे आरंभीच्या काळातील सहकारी होते. त्यांच्याच घराण्यात रंगो बापूजींचा जन्म झाला. पुढे ते सातारा दरबाराच्या सेवेत आले. १८१८ मध्ये पेशवाईचा अस्त झाल्यानंतर ईस्ट इंडिया कंपनीने प्रतापसिंहांना साताऱ्याच्या गादीवर बसवले आणि २५ सप्टेंबर १८१९ रोजी त्यांच्याशी तह केला. शाळा, रस्ते व पाणीपुरवठा यांकडे लक्ष देणारा राज्यकर्ता म्हणून प्रतापसिंहांचा लौकिक झाला. कंपनीच्या संचालक मंडळाने १८३५ मध्ये त्यांच्यासाठी सन्मानाची तलवार मंजूर केली होती.

मात्र जहागीरदारांवरील अधिकाराच्या प्रश्नावरून छत्रपती आणि मुंबई सरकार यांच्यात तेढ निर्माण झाली. त्यानंतर प्रतापसिंहांवर राजद्रोहाचे आरोप ठेवण्यात आले. कंपनीच्या देशी शिपायांना फितवणे, गोव्याच्या पोर्तुगीज शासनाशी संधान बांधणे आणि नागपूरचे पदच्युत आप्पासाहेब भोसले यांच्याशी पत्रव्यवहार करणे, असे हे आरोप होते. उघड सुनावणी व साक्षीदारांची उलटतपासणी व्हावी, ही छत्रपतींची मागणी होती. ती मान्य झाली नाही. आरोप कबूल करून गादी राखण्याचा पर्याय त्यांनी नाकारला. सप्टेंबर १८३९ मध्ये गव्हर्नर सर जेम्स कारनॅक यांनी त्यांना पदच्युत केले व त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांना गादीवर बसवले. प्रतापसिंहांची रवानगी काशीला झाली.

मुंबईत न्याय मिळणे शक्य नसल्याने लंडनमध्ये दाद मागण्याचे ठरले. रंगो बापूजी १८४० मध्ये तेथे पोहोचले. पदच्युत राजाच्या वकिलाला अधिकृत मान्यता देण्यास संचालक मंडळ तयार नव्हते. तक्रार असल्यास ती हिंदुस्थानातील सरकारमार्फतच आली पाहिजे, अशी कंपनीची भूमिका होती. म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार, त्यांच्याच हातून ती पुढे जावयाची होती.

पुढचा दरवाजा बंद झाल्यावर रंगो बापूजींनी कंपनीच्या घटनेचा आधार घेतला. लेडनहॉल स्ट्रीटवरील इंडिया हाऊसमध्ये चोवीस संचालकांखेरीज भागधारकांचीही सभा भरत असे. पाचशे पौंडांचे भाग असलेल्यास तेथे बोलता येई, तर एक हजार पौंडांवर एक मत मिळे. नऊ पात्र भागधारकांनी मागणी केल्यास खास सभा बोलवावी लागे. साताऱ्याचा प्रश्न या मार्गाने वारंवार चर्चेस आला. गुलामगिरीविरोधी चळवळीतील वक्ते जॉर्ज थॉमसन, संसद सदस्य जोसेफ ह्यूम आणि पूर्वी साताऱ्यात रेसिडेंट असलेले जॉन ब्रिग्ज यांनी छत्रपतींची बाजू घेतली. ब्रिग्ज यांच्यासारख्या प्रत्यक्ष कारभार पाहिलेल्या अधिकाऱ्याचा पाठिंबा विशेष महत्त्वाचा होता. निवेदने व पुस्तिका छापून वाटण्यात आल्या आणि संसदेतही हा विषय मांडला गेला.

तथापि या मार्गाला एक मूलभूत मर्यादा होती. १७८४ च्या कायद्यानुसार, संचालकांचा जो निर्णय बोर्ड ऑफ कंट्रोलने मंजूर केला असेल तो रद्द करण्याचा अधिकार भागधारकांच्या सभेला उरला नव्हता. सभा गाजू शकत होती, निकाल बदलू शकत नव्हती.

या कामाला पैसा लागत होता आणि तेथेच नैतिक प्रश्न सुरू होत होते. संस्थानिकांची बाजू मांडणारे इंग्रज वक्ते मोबदल्यासाठी बोलतात, असा आक्षेप त्या काळी घेतला जात असे. हा आक्षेप अगदीच निराधार म्हणता येणार नाही, कारण अशी वकिली हा काहींचा व्यवसाय झाला होता. दुसरीकडे छत्रपतींविरुद्धचा पुरावा पैसे देऊन व कैदेतील माणसांकडून मिळवल्याचा आरोप रंगो बापूजींनी साताऱ्याचे रेसिडेंट कर्नल चार्ल्स ओव्हन्स यांच्यावर जाहीरपणे केला. त्यांचे स्वतःचे काम प्रामुख्याने छापील निवेदनांतून व खुल्या सभांतून चालले. आपण कोणासाठी बोलतो, हे त्यांनी कधी लपवले नाही.

१४ ऑक्टोबर १८४७ रोजी प्रतापसिंहांचे काशी येथे निधन झाले. एप्रिल १८४८ मध्ये शहाजीही निवर्तले. दत्तक वारस नामंजूर करून लॉर्ड डलहौसी यांनी सातारा खालसा केले. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांचा यास विरोध होता. संचालक मंडळातही मतभेद होते. तरीही १८४९ च्या आरंभी लंडनने हा निर्णय कायम केला. ज्यांनी पाठवले ते छत्रपती राहिले नाहीत आणि ज्यासाठी झगडायचे ते राज्यही राहिले नाही. व्यवसाय म्हणून वकिली करणारा माणूस येथे थांबला असता. रंगो बापूजी थांबले नाहीत. प्रतापसिंहांच्या कुटुंबाचा व त्यांच्या दत्तक पुत्राचा हक्क ते मांडत राहिले.

या काळात ते कर्जात बुडाले. अखेर १८५३ मध्ये त्यांनी लंडन सोडले. कंपनीने त्यांना अडीच हजार पौंड आणि परतीच्या प्रवासाची सोय दिल्याचे इंग्रज इतिहासलेखनात नमूद आहे. ज्या कंपनीशी चौदा वर्षे भांडले, तिच्याच पैशावर परतण्याची वेळ त्यांच्यावर आली. मात्र या पैशाने त्यांची निष्ठा विकत घेतली गेली नाही, हे पुढील घटनांनी दाखवून दिले.

१८५७ मध्ये साताऱ्यात उठावाची तयारी उघडकीस आली आणि तिच्या सूत्रधारांत रंगो बापूजींचे नाव पुढे आले. ८ सप्टेंबर १८५७ रोजी गेंडामाळावर सतरा जणांना मृत्युदंड देण्यात आला. त्यांत रंगो बापूजींचे पुत्र सीताराम हेही होते. सरकारने बक्षीस जाहीर करूनही रंगो बापूजी हाती लागले नाहीत. त्यांचा अंत कोठे व केव्हा झाला, याची नोंद नाही. प्रबोधनकार ठाकरे यांनी त्यांच्या व प्रतापसिंहांच्या जीवनावर ग्रंथ लिहून ही स्मृती मराठी वाचकांपुढे ठेवली.

पुढील काळात लॉबिंगसाठी नियम झाले. अमेरिकेने १९९५ मध्ये आणि ब्रिटनने २०१४ मध्ये केलेल्या कायद्यांत व्यावसायिक लॉबिस्टने नोंदणी करून आपला अशील जाहीर करण्याची तरतूद आहे. असा कोणताही नियम नसताना रंगो बापूजींनी आपला अशील पहिल्या दिवसापासून जाहीर केला होता. परंतु उघडपणा हा या चरित्राचा अर्धाच धडा आहे. ऐकणाऱ्यापाशी निकाल बदलण्याचा अधिकार आणि इच्छा नसेल, तर सर्वांत प्रामाणिक वकिलीही व्यर्थ जाते. सनदशीर मार्गावर चौदा वर्षे चाललेला हा वकील अखेर उठावाच्या वाटेला का लागला, याचे उत्तर इंडिया हाऊसच्या त्या सभागृहातच शोधावे लागते.